चित्र ॲमस्टरडॅमलाच राहू द्या

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक अर्ज फिरतोय. सदाशिव पेठेतून निघाला, कोथरूड-बावधन करत ॲमस्टरडॅमशेजारच्या आम्स्टेलवेनला माझ्या फोनवर येऊन पोचला. मागणी अशी, की ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेलं शिवाजी महाराजांचं चित्र सरकारने परत आणावं. खाली सह्यांची रांग, आणि एका मित्राची खास माझ्यासाठी पुरवणी: "तू तर तिथेच असतोस. जाऊन विचार तरी त्यांना!"

विचारायचं काय, डोंबल? ते चित्र विटसेन अल्बममधलं आहे. अल्बम १६८६च्या सुमाराचा. मोगल, आदिलशाही, कुतुबशाही अशा सगळ्या दरबारांतली माणसं त्यात आहेत आणि त्यांच्यात महाराजही आहेत. विटसेन हा ॲमस्टरडॅमचा महापौर. चित्रांची शैली गोवळकोंड्याची, आणि तिथले चितारी युरोपी गिऱ्हाइकांसाठी अशी चित्रं सर्रास करून देत. त्याचा बाजारच होता. तलवारीच्या जोरावर उचलून नेलेला हा ऐवज नव्हे. परत द्यायचाच म्हटला तर द्यायचा कुणाला? महाराज १६७७मध्ये कुतुबशहाच्या भेटीला भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला, गेले होते. उद्या हैदराबादकर म्हणतील, चितारी आमचा, चित्र आमचं. मग पुण्याने काय करायचं?

लुटीचा माल असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथे हे डच लोक आडमुठेपणा करत नाहीत. कँडीच्या राजाची तोफ, चांदी-सोनं आणि माणकं जडवलेली, १७६५मध्ये डच कंपनीच्या फौजेने लुटून आणलेली. राइक्सम्युझियममधली ही तोफ २०२३मध्ये श्रीलंकेला परत गेली. त्याच वेळी इंडोनेशिया आणि श्रीलंका मिळून ४७८ वस्तू परत देण्याचा निर्णय झाला. आधी वस्तू आली कशी याचा शोध घेतला, मग निर्णय झाला. आमच्याकडे क्रम उलटा: आधी ढोल-ताशे, मग पुरावे.

वाघनखांचं आठवा. जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांच्या बोलीवर उसनी दिली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात ती मांडली गेली. अफझलखानाच्या वेळची हीच, असं ठामपणे सांगता येत नाही, हे खुद्द त्या म्युझियमचं म्हणणं. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ, त्याच्या घराण्याकडून ती तिकडे गेली, एवढाच धागा हाती आहे. कोल्हापूरचे इतिहास-अभ्यासक इंद्रजित सावंत जाहीरपणे शंका मांडत होते. पण ग्रुपवर मी ‘उसनी’ हा शब्द टाइप केला, तर उत्तर आलं, "तिकडचं पाणी लागलं साहेबांना."

लागलं असेल. पण पुण्याच्या पाण्याचं काय? तिथल्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधून पडलेत. महाराष्ट्राचा दीडेकशे वर्षांचा सगळा कारभार त्यात आहे: वसुली, तंटे, कर्जं, न्यायनिवाडे. ते कुणी पळवले नाहीत, आणायला विमान नको, की कुणाशी करार नको. अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी मोडीची एक ओळ किती जणांना लागते? आणि ५ जानेवारी २००४ विसरलात? एका पुस्तकावरून चिडून महाराजांच्याच नावाने जमाव भांडारकर संस्थेत घुसला, आणि ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस करून गेला. ज्या गावात हे घडलं तिथे कागदावरचं साडेतीनशे वर्षांपूर्वीचं चित्र सुखरूप राहील याची हमी कोण देणार?

यावर मित्राने लागोपाठ तीन गोष्टी पाठवल्या. पहिली, जानेवारी २०२५मध्ये नेदरलँड्समधल्याच असेनच्या ड्रेंट्स म्युझियममध्ये स्फोट करून रुमेनियाचं प्राचीन सोन्याचं शिरस्त्राण चोरीला गेलं. तेही उसनं आणलेलं. दुसरी, राइक्सम्युझियममधल्या तुमच्या रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्रावर १९७५मध्ये सुरी चालली आणि १९९०मध्ये ॲसिड उडालं. तिसरी, राइक्सम्युझियमचं नूतनीकरण २००३ ते २०१३ चाललं आणि त्यावर ३७५ दशलक्ष युरो लागले, "एवढे पैसे द्या, आम्हीही काचेच्या खोलीत ठेवू." मी उत्तर दिलं नाही. रात्र झाली होती, असं नंतर सांगितलं.

मुद्दा तरीही सोडवत नाही. गेल्या वेळी पुण्याला आलो तेव्हा इथला एक सहकारी बरोबर होता. त्याला केळकर संग्रहालयात नेलं. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी एकट्याने वस्तू जमवल्या, जुन्या बाजारातून, वाड्यांच्या अडगळीतून, आणि अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. वीसेक हजार वस्तू, त्यातल्या थोड्याच मांडलेल्या. अडकित्त्यांच्या कपाटापाशी पाहुणा जो अडकला तो हलेना. पितळी पोपट, चोच उघडली की सुपारी धरणार. शेजारी मिठीतलं जोडपं, त्यांचे पाय म्हणजे दांडे. खाली पाय घासायच्या वज्र्या, त्यांच्यावरही पाखरं बसवलेली. टाच घासायच्या वस्तूवर कुणी एवढी कारागिरी का करेल, असं त्याने विचारलं. मला काही सांगता आलं नाही, पण छाती मात्र उगाच फुगली. ग्रुपवर नंतर विचारलं, शेवटचे केळकरला कधी गेला होतात? बहुतेकांचं उत्तर ‘शाळेची सहल’. बाजीराव रोडवरून रोज जाणारी माणसं ही!

आता खरं बोलतो, कारण वरचं सगळं खरं असलं तरी माझं कारण ते नाही. मुलीचं ‘स्प्रेकबेर्ट’, म्हणजे वर्गासमोरचं छोटं भाषण, होतं. विषय तिने स्वतः निवडला, शिवाजी महाराज. मी किल्ल्यांचे फोटो काढून दिले होते, ते तिने बाजूला ठेवले आणि राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावरून ते चित्र मोठं करून घेतलं. चित्र पडद्यावर आलं आणि तिने सांगितलं की हे ट्रॅम पाचच्या रस्त्यावर, म्युझियमप्लाइनलाच ठेवलेलं आहे. वर्ग सरसावून बसला. एकाने विचारलं, हा राजा विटसेनला ओळखत होता का? बाई म्हणाल्या, चांगला प्रश्न. मी मागे छोट्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. इनबुर्गेरिंगची, म्हणजे इथे स्थायिक होणाऱ्यांसाठीची, परीक्षा पास झालो, घर घेतलं, पण या देशात आपण पाहुणे नाही असं मला त्या खुर्चीत वाटलं. आमच्याकडचं काहीतरी इथे आमच्याआधी साडेतीनशे वर्षं येऊन राहिलं होतं. ते चित्र पुण्याला गेलं, तर पुण्याच्या अनेक चित्रांत आणखी एकाची भर. इथून गेलं, तर माझ्या पोरीकडे दाखवायला माझे उच्चार आणि डब्यातली पोळी उरते.

हे मित्राला फोनवर सांगितलं. "म्हणजे तुला परकं वाटू नये म्हणून महाराजांनी तिकडे राहायचं?" तो म्हणाला. मी म्हटलं, महाराज तुमच्याकडेच आहेत रे, मला चित्र पुरतं. तो म्हणाला, अर्ज तर मी पाठवणारच. म्हटलं, पाठव, पण आधी केळकरला जाऊन ये, पोपटाचा अडकित्ता बघ आणि फोटो टाक ग्रुपवर. येत्या रविवारी जातो म्हणालाय. पुण्याचा रविवार, तेव्हा खात्री नाही.