१:६४ चं माप सगळ्यांचं सारखं नसते भाऊ

एका लेखात म्हटलंय की १:६४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढ्या, खेळण्यातल्या गाड्या कोणत्याही कंपनीच्या घ्या, शेल्फवर एका मापात बसतात. नाही बसत राजेहो! हॉट व्हील्स न् मॅचबॉक्सवाले गाडी पॅकिंगच्या मापात बसवतात, म्हणून लहान गाडी फुगते न् लांब गाडी आखडते. मी फूटपट्टी लावून पाह्यलं. खरी फोक्सवॅगन बीटल साधारण ४.०७ मीटर, म्हणजे मॉडेल ६.४ सेंटिमीटरचं पाहिजे, न् १९५९ ची कॅडिलॅक एल्डोराडो ५.७ मीटर, म्हणजे जवळपास ९ सेंटिमीटर, पण माझ्याकडं दोन्ही सात-साडेसातच्या आसपासच आहेत. जपानच्या टोमिका कंपनीच्या साध्या गाड्यांच्या तळाशी निदान प्रत्येक गाडीचं स्केल छापलेलं असते, हे मले लय आवडते.

आमच्या आर्वीत दुकानात हे मिळत नाही, ऑनलाइन मागवा लागते, हातात घेऊन पाहताच येत नाही, म्हणून असं लिहिलं की नवा पोरगा फसते. मी दोन वर्षं पैसे जमवून तशाच गाड्या घेतल्या न् मग शेजारी ठेवल्यावर जीव हळहळला. मापच पाहिजे असंल तं टोमिका लिमिटेड व्हिंटेज नाहीतर मिनी जीटी घ्या, महाग आहेत पण बाजूबाजूला शोभतात.