बंदी घातलेल्या कांद्याला खुला बाजार कसं म्हणायचं?

नमस्कार,

द्राक्ष निर्यातीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: 1991 च्या आर्थिक सुधारणांनंतर बाजार जगाला खुला झाला आणि त्यात शेतकरी भरडला गेला, तरीही मी नाशिकच्या मूठभर बागायतदारांकडे बोट दाखवून जागतिकीकरणाचे गोडवे गातो. शेवटी तुम्ही विचारलंत, निर्यात मोकळी सोडली तर शहरातल्या गरिबानं कांदा खायचा कसा?

शेतकरी भरडला गेला, यावर आपलं दुमत नाही. कशानं, यावर आहे. त्याच्या वाट्याला खुला बाजार आलाच कधी?

कांद्याचंच बघा. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य ठरलं, म्हणजे त्याहून कमी भावानं माल बाहेर पाठवायचाच नाही. 8 डिसेंबरपासून थेट बंदी. ती उठायला मे 2024 उजाडला, तेव्हाही 550 डॉलर किमान मूल्याची अट आणि 40 टक्के शुल्क होतंच. शुल्क पूर्णपणे गेलं ते 1 एप्रिल 2025 ला.

त्यातली डिसेंबरची वेळ सगळ्यात वाईट. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने ठेवता येतो, भाव नसला तर शेतकरी कळ काढू शकतो. लाल कांद्याचं तसं नाही. त्यात पाणी जास्त, तो फार दिवस टिकत नाही, लवकरच कोंब फुटायला लागतात. काढला की ट्रॉली भरून बाजार समितीत न्यायचाच आणि लिलावात निघेल त्या भावाला द्यायचाच. नेमका हा कांदा बाजारात येत असताना बंदी आली आणि भाव बघता बघता निम्म्यावर आले. शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. तो राग परदेशी व्यापाऱ्यावर नव्हता.

शिवाय बांधलेलं गिऱ्हाईक तुटतं, याचा हिशेब कुणीच मांडत नाही. बांगलादेश आपला मोठा खरेदीदार. 2019 आणि 2020, दोन्ही वर्षी सप्टेंबरात आपण अचानक निर्यात थांबवली. 2019 मध्ये तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या की, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. मग ढाक्याचे व्यापारी तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, पाकिस्तानकडे वळले, यात नवल ते काय?

आता कापूस. ऑगस्ट 2025 मध्ये आयातीवरचं 11 टक्के शुल्क माफ झालं आणि मग ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत लांबली. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात. कांदा बाहेर जाऊ द्यायचा नाही, कापूस मात्र आत येऊ द्यायचा. दोन्हीकडून भाव शेतकऱ्याचाच पडतो. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं उभे राहिले ते याच कारणानं: इथलं सरकार शेतकऱ्याला उणे सबसिडी देतं, म्हणजे मदत देण्याऐवजी भाव पाडून त्याच्याच खिशातून काढून घेतं, हे ते आकडे मांडून सांगत होते.

अमेरिकी कापसाच्या अनुदानांवरचा तुमचा संताप मात्र अगदी रास्त आहे. त्या अनुदानांनी जगभरातले भाव पाडले, ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत तो खटला लढवला आणि जिंकला. पण तो दोष खुलेपणाचा नाही, श्रीमंत देशांनी खेळात केलेल्या लबाडीचा आहे.

द्राक्षांनाही फटके बसले. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांवरून युरोपात माल अडकला, बागायतदार कर्जात गेले. पुढे त्या घटकाची तपासणी सुरू झाली, बागांच्या नोंदणीची आणि प्रयोगशाळांची घडी बसली होतीच, आणि निर्यात सावरली. द्राक्ष महागलं म्हणून दिल्लीत कुणाची खुर्ची हलत नाही, म्हणून त्यांना सावरायला वेळ मिळाला. कांद्याला तो कधीच मिळत नाही.

राहिला गरिबाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. त्यासाठी केंद्राचा भाव स्थिरीकरण निधी आहे, नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था सरकारसाठी साठाही करतात. सरकारनं बाजारभावानं, खुल्या लिलावात उतरून कांदा घ्यावा आणि रेशनवर स्वस्तात द्यावा. तो खर्च तिजोरीनं, म्हणजे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी मिळून उचलायचा. दोन-चार एकरवाल्या कुटुंबानं एकट्यानं का उचलायचा? आणि निर्यातीवर बंधन घालायचंच असेल, तर रोपं टाकण्याआधी सांगा. मग शेतकरी कांद्याऐवजी मका लावायचा की नाही, ते तरी ठरवू शकेल.