आजन्म वॉरंटी, बाबांच्या नावाने

अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम एकदम मोडत नाही. आधी बरेच दिवस कुरकुरते, आणि पुण्यात सायकल कुरकुरली की सल्ला द्यायला माणसं कमी पडत नाहीत. शेजारच्या काकांनी चेनवर संशय घेतला, ऑफिसातल्या एकाने पायडलवर, आईने माझ्या वजनावर. शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने सीटखालचा जोड फडक्याने पुसला, पेनातली शाई त्यावर चोळली आणि परत पुसला. सगळी शाई निघाली, फक्त केसाएवढी एक निळी रेघ राहिली.

"ओरखडा नाही साहेब हा. तडा आहे. फ्रेम गेली."

"वेल्डिंग मारून दे की."

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. लोखंडी फ्रेम असती तर पितळ ओतून त्याने बघता बघता जोडून दिली असती. अ‍ॅल्युमिनियम तसं ऐकत नाही. वितळवून जोडलं की जोडाच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो. कारखान्यात म्हणून वेल्डिंगनंतर अख्खी फ्रेम भट्टीत घालून पुन्हा कडक करतात. मिस्त्रीकडे भट्टी नव्हती. समोरच्या बेकरीत होती, पण बेकरीवाला तयार झाला नसता.

मी मात्र निश्चिंत होतो. फ्रेमला आजन्म वॉरंटी होती! जन्म कोणाचा, ते कार्डावर बारीक अक्षरात होतं: मूळ खरेदीदाराचा. आणि मूळ खरेदीदार बाबा. सायकल घेताना दुकानातलं मशीन माझं कार्ड घेईना, म्हणून बाबांनी त्यांचं पुढे केलं आणि बिल त्यांच्या नावावर फाटलं. बाबा गियरच्या सायकलीवर आजवर बसलेले नाहीत. पुढे तीन आणि मागे आठ चक्रं असलेली वस्तू सायकल नसून घड्याळ आहे, असं त्यांचं मत आहे.

बिल काढलं तर कोरं. आजन्म वॉरंटीचं बिल ज्या गुळगुळीत कागदावर छापतात, त्यावरची अक्षरं दोन पावसाळेही धड टिकत नाहीत. यात कट आहे, असं मी कुणालाही लेखी द्यायला तयार आहे. पण बाबांनी सगळी हयात सरकारी नोकरीत काढलेली. त्यांनी बिलाची झेरॉक्स त्याच दिवशी काढून वर 'मूळ प्रत पाहिली' असा शेरा मारला होता. खाली सही.

फॉर्मही तेच भरणार, कारण मालक ते. पायडलच्या एक्सलखाली, सायकल उलटी करून चिखल खरवडला की दिसतो तो फ्रेम नंबर त्यांनी भिंग लावून वाचला. मालकाचं वय? ७४. सायकल उड्या, शर्यती वा कसरतींसाठी वापरली होती का? 'नाही. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे.' कंपनीने पुढे काही विचारलं नाही.

दावा मंजूर. फक्त फ्रेम मिळणार. मजुरी आपली, वाहतूक आपली, रंग कंपनी देईल तो. शिवाय जुनी फ्रेम करवतीने कापून तिचा फोटो पाठवायचा, म्हणजे तीच दाखवून कुणी पुन्हा दावा करायला नको. कापताना बाबांनी शेजारच्या काकांना पंच म्हणून उभं केलं.

नवी फ्रेम आली तोवर २६ इंची चाकांचं राज्य बुडालं होतं. ही २९ इंची. माझ्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर, हिला हवा ६२२. मागच्या चाकाच्या मधल्या हबची रुंदी माझी १३५, हिची १४८. पुढचं चाक धरणाऱ्या माझ्या चिमट्याची नळी वरून खालपर्यंत सारखी, हिला खाली दीड इंचाची फुगलेली लागते. माझे ब्रेक रिमला धरणारे. हिला फक्त डिस्क. जुन्यातलं नव्याला काय काय बसलं? हँडल, सीट, पायडल आणि घंटी.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, फुकटच्या फ्रेमसाठी उरलेली सायकल विकत घ्यावी लागेल."

तरी माझी कंपनी निदान जिवंत होती. १९५१ साली सोनिपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलस सायकल कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला तो ३ जून २०२० रोजी. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता.

मग मी रविवारी जुन्या बाजारात गेलो. तिथे बंद पडलेले पंखे, एकेकट्या चपला आणि कुणाच्या तरी लग्नातले फ्रेम केलेले फोटो यांच्या शेजारी एक लोखंडी रेंजर सायकल पडली होती, बिनचाकांची. विक्रेत्याला वॉरंटी विचारली. "समोर उचलून आपटून बघा," तो म्हणाला. इतक्या स्वच्छ अटी मी कुठल्याच कार्डावर वाचलेल्या नाहीत.

मिस्त्रीने रेंजरचा मागचा भाग ताणून माझं चाक आत बसवलं. लोखंड एवढं सोसतं. कप-कोन नवे, छर्रे नवे, गियर माझे, चिमटा आणि ब्रेक तिचेच. घरात नाकं मुरडली गेली तेव्हा मी स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्रीचा दाखला दिला. त्याने स्वतः जोडलेल्या सायकलीवर १७ जुलै १९९३ ला नॉर्वेतल्या हामारला तासात ५१.५९६ किलोमीटर कापून जागतिक विक्रम केला, आणि त्या सायकलीत बेअरिंग होती वॉशिंग मशीनची. विक्रम आठवडाभरात ख्रिस बोर्डमनने मोडला, हे मी सांगितलं नाही. आईने तसंही वॉशिंग मशीनचंच वाक्य धरून ठेवलंय. मी पाना घेऊन बाल्कनीत गेलो की ती मागोमाग येते आणि मशीनमध्ये कपडे लावते. धुतलेलेसुद्धा.

नवी फ्रेम कपाटावर आहे. परवा कंपनीचा मेल आला: आमच्या सेवेला किती तारे द्याल? बाबांना तारे मान्य नाहीत, शेऱ्याचा रकाना हवा. तो न सापडल्याने त्यांनी वेगळं पत्रच लिहिलं. वॉरंटी मूळ खरेदीदाराच्या हयातीपुरती असल्याचं वाचनात आलं. तरी दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला देतो, त्याची एक प्रत आपल्याकडेही पाठवत जाऊ का, हे कळवावे.