घर दोघांचं, पण हिस्सा कुणाचा किती?

नवरा-बायकोने मिळून घेतलेल्या घरात कुणाचा हिस्सा किती, हे टक्क्यांत लिहिलेलं असलं पाहिजे. आणि परिस्थिती बदलली की तो हिस्सा कागदावरही बदलून घेतला पाहिजे, तोही दोघांचं छान चाललेलं असताना. गोरेगावला आमच्या सोसायटीच्या कमिटीवर मी बरीच वर्षं काम करते आहे, आणि हे मी भेटेल त्या जोडप्याला सांगते. 'अर्धं-अर्धंच असणार ना!' हे बहुतेकांचं उत्तर असतं. करार काढून बघा म्हटलं तर त्यात फक्त दोन नावं असतात, हिस्सा कुठेच नसतो.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या ४५व्या कलमानुसार, दोघांनी मिळून मालमत्ता विकत घेतली आणि वेगळं काही ठरवलेलं नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा. कुणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर समान हिस्से धरतात. आता आपली घरं कशी चालतात ते आठवा. गृहकर्जाचा हप्ता नवऱ्याच्या खात्यातून जातो. बायकोच्या पगारातून किराणा, शाळेची फी, सासऱ्यांची औषधं, गणपतीचा खर्च. पंधरा-वीस वर्षं दोघंही राबतात, पण बँकेच्या स्टेटमेंटवर घराचे पैसे एकाचेच दिसतात. तिचा पगार खर्चून संपला, त्याच्या पगाराची भिंत उभी राहिली. जिने नोकरी सोडून मुलं वाढवली, तिचं तर स्टेटमेंटही नाही. भांडण कोर्टात गेलं की पुरावा मागतात, आणि किराण्याची बिलं कुणी जपून ठेवत नाही. लग्नानंतर कमावलेलं आपोआप दोघांचं, असा नियम शेजारच्या गोव्यात आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे कागद करावा लागतो.

'पण सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव आहे,' असं अनेक बायका सांगतात. सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यात सहयोगी सभासद आणि संयुक्त सभासद हे दोन वेगळे प्रकार आहेत. सहयोगी सभासद म्हणजे मूळ सभासदाच्या शिफारशीने आणि संमतीने त्याचे हक्क वापरणारी घरातली व्यक्ती. त्याने मीटिंगला बसता येतं, मालकी मिळत नाही. नॉमिनीचंही तसंच. नॉमिनेशन केलं म्हणजे घर बायकोला मिळालं, हा समज मुंबईत फार खोल रुजलेला आहे. प्रत्यक्षात वारस ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद असतो. मालकी वारसांची.

आणि वारस कोण? हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई, बायको आणि मुलं समान वाटेकरी. घर एकट्या त्याच्या नावावर, घरात सासूबाई आणि दोन मुलं, म्हणजे बायकोच्या वाट्याला पाव घर. अर्धा हिस्सा आधीपासून तिचा असता, तर त्याच्या अर्ध्यातला पाव धरून आठातले पाच भाग तिचे झाले असते. उलट बाजूही बघा. मूलबाळ नसलेली बाई मृत्युपत्राशिवाय गेली आणि नवराही आधीच गेलेला असेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईच्या घरावर आधी नवऱ्याचे वारस येतात, तिचे आईवडील त्यांच्यानंतर. हे कळल्यावर आमच्या बिल्डिंगमधल्या एकीने त्याच आठवड्यात मृत्युपत्र करायला घेतलं. बरोबर केलं तिने.

तर हिस्सा बदलायचा कसा? बहुतेक जण आधी हक्कसोडपत्राचं नाव घेतात, कारण गावाकडे बहिणींकडून तेच करून घेतलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. पण हक्कसोड आधीपासून सहमालक असलेल्याच्याच लाभात होते, आणि मुद्रांक शुल्काची सवलत वडिलोपार्जित मालमत्तेला आहे. दोघांनी स्वतः घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नाही. तिथे खरेदीखताच्या दराने शुल्क पडतं, आणि मुंबईच्या रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, भावात अर्ध्या फ्लॅटवर ते काही लाखांत जातं. नवरा-बायकोसाठी नीट रस्ता बक्षीसपत्राचा. राहतं घर किंवा त्यातला हिस्सा नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीस दिला तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. नोंदणी फी आणि अधिभार वेगळे, त्यांचा आकडा आधी काढून घ्यावा. दुकानाच्या गाळ्याला ही सवलत नाही. बक्षीसपत्रात टक्केवारी स्पष्ट लिहायची, ज्याला मिळतंय त्याने स्वीकारल्याचं नमूद करायचं, दोन साक्षीदार घ्यायचे आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करायची. नोटरी करून कपाटात ठेवलेलं बक्षीसपत्र उपयोगाचं नाही. नंतर इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत जोडून सोसायटीत हस्तांतराचा अर्ज करायचा. कुटुंबातल्या हस्तांतराला आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, प्रीमियम लागत नाही. कुठली कमिटी मागत असेल तर उपविधी दाखवा.

घाई मात्र करू नका. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. घरावर कर्ज असेल तर आधी बँकेची परवानगी लागते. आणि कर्जावर सही असणं वेगळं, घरावर नाव असणं वेगळं. सहकर्जदार म्हणून सही केलेली, पण करारात नाव नसलेली बाई हप्त्याला बांधलेली असते आणि घरावर तिचा हक्क नसतो. अशा सहीच्या आधी करार वाचाच. नवऱ्याकडून मिळालेल्या बक्षिसावर बायकोला आयकर नाही, पण तो हिस्सा भाड्याने दिला तर भाडं तिच्या खात्यात आलं तरी नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. कर वाचवायला म्हणून हे करू नका, त्यासाठी हे नाहीच.

सगळ्यात अवघड जागा कायद्याची नाही. 'माझ्यावर विश्वास नाही का?' हा प्रश्न ऐकून बाई गप्प बसते. ज्याला बायकोचा वाटा मान्य आहे त्याला तो लिहून देताना अपमान का वाटावा, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. कोरडवाहू शेतकऱ्याला जे जमलं ते टॉवरमध्ये राहणाऱ्या पगारदाराला जड का जावं? आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत तर करार पती-पत्नीच्या संयुक्त नावाने करण्याचा नियमच आहे.

सरकारकडेही माझी एक मागणी आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. मुंबईत सहाऐवजी पाच टक्के. जोडप्याने दोघांच्या नावावर घेतलं की ही सवलत जाते. त्यामुळे काही जण पैसे वाचवायला घर तिच्या एकटीच्या नावावर घेतात, आणि बिनसलं की 'पैसे माझे होते, घर माझंच' म्हणत दावा लावतात. करारात बायकोचा किमान ५० टक्के हिस्सा लिहिलेला असेल, तर संयुक्त खरेदीलाही त्या प्रमाणात सवलत द्या. मग टक्केवारीचा रकाना भरायला जोडप्यांना कुणी आठवण करून द्यावी लागणार नाही, वकील आणि एजंट स्वतःच विचारतील.