पुन्हा भराव, पुन्हा पाहणी

उरणच्या पाणथळ जागेत भराव टाकायला परत डंपर आले. परत रात्रीच. आम्ही परत फोटो काढले, अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर काय? 'पाहणी करून अहवाल सादर करू.' अरे, किती पाहण्या करणार? तोवर भरावावर रोलर फिरून जातो!

उरणमध्ये पाणथळ जागा पाणथळ आहे हे सिद्ध तरी किती वेळा करायचं? सव्वादोन हेक्टरांवरच्या, देशभरातल्या दोन लाखांहून जास्त पाणथळ जागा जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच सांगितलंय. इथे मात्र प्रत्येक हपिसात तोच प्रश्न: जागा नक्की कोणाच्या अखत्यारीत येते? मिठागर असेल तर २०१७च्या पाणथळ जागांच्या नियमांत बसतच नाही, विषय संपला! शेकाट्या पक्ष्यांनी आता नियम वाचून उतरायचं का?

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो? उघाडी, म्हणजे बंधाऱ्यातलं भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार, बंद करतात. भरतीचं पाणी आत येणं थांबतं. चार दिवसांत चिखलाला भेगा पडतात, निवट्या मरतात, चिंबोऱ्यांची बिळं कोरडी पडतात, तुतवार पक्षी फिरकत नाहीत. मग कोणीतरी बूट न भिजवता मधोमध उभा राहून विचारतो, 'इथे पाणी कुठाय?' अहो, पाणी अडवलंय! बंधाऱ्यापलीकडे थटलंय, मान वळवून बघा की!

पावसाळ्यात हेच पाणी आमच्या घरांत शिरतं, तेव्हा पंचनाम्याला येतातच ना? मग आत्ता या. अहवाल नको, समिती नको. पुढच्या उधाणाआधी ती उघाडी उघडा आणि टाकलेली माती उचला.