फुकुशिमा, बोंबील आणि तो लाल नकाशा : एका कमेंटला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पाचं किरणोत्सर्गी पाणी समुद्रात सोडतायत, समुद्र सगळीकडे एकच, म्हणून तुम्ही घरात मासे बंद केलेत, मुलांनाही देत नाही, आणि मी प्रकल्प चालवणाऱ्या टेपको कंपनीची वकिली करतेय.

कंपनीवरचा राग मला शंभर टक्के पटतो. प्रकल्प निकामी करणारी त्सुनामी मार्च 2011 ची, आणि दूषित भूजल समुद्रात जातंय हे टेपकोने कबूल केलं जुलै 2013 मध्ये. अशांच्या शब्दावर मीपण विसंबत नाही. म्हणूनच मी विचारते, मासा कुठे पकडला, कुठल्या जातीचा, आणि किलोमागे किती बेकरेल (म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं एकक)?

आता बघा, प्रकल्पातून समुद्रात गेलेलं किरणोत्सर्गी सीझियम शरीरात पोटॅशियमसारखं वागतं. समुद्रातला मासा सारखं खारं पाणी पितो आणि क्षार बाहेर टाकत राहतो, त्यामुळे स्वच्छ पाण्यात गेला की काही महिन्यांत बरंचसं सीझियम निघून जातं. अडकतो तो तळाशी, दूषित गाळात राहणारा मासा. मे 2023 मध्ये एका रॉकफिशमध्ये 18,000 बेकरेल सापडले, जपानची मर्यादा 100 आहे, म्हणजे 180 पट, आणि ही बातमी खरी आहे. पण तो मासा प्रकल्पाच्या स्वतःच्या बंदरात पकडलेला, तिथले मासे बाहेर पडू नयेत म्हणून जाळी लावलीय आणि तिथून विक्री होतच नाही. हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही.

ऑगस्ट 2023 पासून जे सोडतायत त्यात मुख्यतः ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, आहे. सोडताना मर्यादा लिटरला 1,500 बेकरेल, पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 10,000. शिवाय ते पाण्याबरोबर येतं नि पाण्याबरोबर जातं, पाऱ्यासारखं मोठ्या माशात साठत जात नाही. ‘सेफ लिमिट नसतेच’ म्हणालात, ठीक आहे, तसंच धरून चालू, पण मग डोस जितका कमी तितका धोका कमी हेही त्याच हिशोबात येतं. 2011 मध्येच कॅलिफोर्नियाजवळ पकडलेल्या ट्युनात फुकुशिमाचं सीझियम मिळालं होतं, आणि त्याच माशात निसर्गतः असलेल्या किरणोत्सर्गी पोलोनियमचा डोस त्याच्या कितीतरी पट निघाला.

आणि तुम्ही जोडलेला लाल-जांभळा नकाशा किरणोत्सर्गाचा नाहीच हो! अमेरिकेच्या नोआ संस्थेने काढलेला तो 2011 च्या त्सुनामी लाटांच्या उंचीचा नकाशा आहे, बाजूची पट्टी मोठी करून बघा, सेंटिमीटर लिहिलंय.

मला राग येतो तो याचा, की हे सगळं शेवटी कोळणीच्या टोपलीवर येऊन पडतं. 2023 ला श्रावण सुटल्यावर नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मार्केटात माझ्यासमोर एका बाईंनी विचारलं, ‘जपानचा नाय ना?’ कोळीण मावशीपुढे करंजा बंदराचे बोंबील होते, गुलाबी, पाणी सुटलेले, अगदी ताजे, आणि ती पोरीसारखी शपथा घेत होती, ‘आपल्या दर्याचा हाय गो बाय.’ त्या बाई न घेताच गेल्या. फुकुशिमाच्या मच्छीमारांनी तर हे वर्षानुवर्षं सोसलंय, मासा तपासून, मर्यादेत निघूनसुद्धा.

काळजीच करायची तर आपल्या ठाणे खाडीची करा, सांडपाणी आणि एमआयडीसीचं पाणी तिच्यात जातं, तिथल्या मासळीची तपासणी नियमित होऊन आकडे लोकांसमोर यायला हवेत. त्यासाठी महापालिकेला पत्र लिहायचं ठरवलंय, तुमची सही मिळाली तर मला खरंच आनंद होईल. आणि मुलांना बांगडा-बोंबील द्या हो, बिनधास्त.