पत्रं माझी, कुलूप तुमचं

आज तिसरा रविवार गेला. काम काय, तर २००३ ते २०१९ पर्यंतच्या मेल एका कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्राममधून काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्राममध्ये टाकायच्या. 'मेल'चं अनेकवचन काय करायचं यावर आमच्या घरात जुना वाद आहे. मी मात्र आता 'मेली' असंच म्हणणार, कारण निम्म्या खरंच मेल्या.

आमच्या आजोबांकडे खुंटीला एक तार होती. आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत ओवायचं. कोकणातलं घर सुटलं तेव्हा ती तार तशीच्या तशी उचलून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली, ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि पुण्यात उतरवली. एक पोस्टकार्ड इकडचं तिकडे झालं नाही. आणि इथे मी, चांगला शिकलेला माणूस, तीन आठवडे 'प्रक्रिया सुरू आहे' ही हिरवी पट्टी बघत बसलोय.

नव्या प्रोग्राममध्ये 'इम्पोर्ट' पहिल्याच पानावर, ठळक. या, बसा, चहा घेणार का! जुन्यात 'एक्स्पोर्ट' शोधायला अर्धा तास. शेवटी तीन मेन्यूंच्या पोटात सापडलं, तर आत एकच पर्याय: त्याच्या स्वतःच्या बंद फाइलमध्ये जतन करा. म्हणजे जी फाइल फक्त त्यालाच उघडता येते तिचीच आणखी एक प्रत! अरे, हिला एक्स्पोर्ट म्हणतात? हे तर एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालणं झालं.

आणि ही काही रॉकेटविद्या नाही हो. ईमेलचा साचा १९८२ सालीच ठरलाय. वर कोणी पाठवली, कोणाला, कधी, विषय काय, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर. साधा मजकूर! मग त्याला कुलूप लावून ठेवायची बुद्धी कोणाची?

मग नेटवर 'फुकट' कन्व्हर्टर मिळाला, म्हणजे बंद फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देणारा प्रोग्राम. दोन तास फाइल चाळून झाल्यावर सांगतो, प्रत्येक फोल्डरमधल्या पहिल्या २५ मेल फुकट, पुढच्यांसाठी पैसे भरा. आधी सांगायला तोंड शिवलं होतं का?

मग एकेक फोल्डर माउसने ओढून बाहेर काढला. प्रत्येक मेलची सुटी फाइल झाली, एका विषयाच्या साठ फाइली, पुढे दोन, तीन, चार असे आकडे. त्या नव्यात टाकल्या तर सगळ्यांवर तारीख आजची! २००६ सालच्या घराच्या कर्जाचं पत्र म्हणे आज दुपारी आलं. खरी तारीख पत्राच्या आतच लिहिलेली आहे, ती वाचायची तसदी घ्यायची नाही. वर सगळ्या न वाचलेल्या. चौदा हजार मेल ठळक अक्षरांत, जणू सोळा वर्षं मी टपालाला हातच लावला नाही.

भाचा म्हणाला, "मामा, एमबॉक्स वापर. सगळ्यात जुना आणि सगळ्यात साधा." जुना खराच, युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातला. सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलमध्ये, एकाखाली एक. एक पत्र संपून दुसरं कुठे सुरू झालं हे कळतं कशावरून? ओळीच्या सुरुवातीला इंग्रजीत 'फ्रॉम' आणि पुढे मोकळी जागा असली की समजायचं, नवीन पत्र. आता मजकुरातच एखादी ओळ 'फ्रॉम पुणे'ने सुरू झाली तर? बाहेर काढणाऱ्याने तिच्यापुढे एक बाणाची खूण करायची असते. आमच्या कन्व्हर्टरने केली नाही. त्यामुळे काशीयात्रेच्या मेलचे तीन तुकडे झाले, आणि 'पुणे ते मुंबई' हे आता एक स्वतंत्र पत्र आहे. पाठवणारा कोणीच नाही, तारीख १ जानेवारी १९७०, म्हणजे कॉम्प्युटरच्या घड्याळाचा शून्य दिवस.

मराठीचं तर विचारूच नका. दोन हजार तीन-चारला आम्ही किरण नाहीतर शिवाजी फाँटात टाइप करायचो. फाँट गेला की खाली इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. तो दोष आमचा, मान्य. पण नंतरच्या, रीतसर युनिकोडमधल्या (फाँट बदलला तरी अक्षर तेच राहतं त्या) मेलसुद्धा नव्या प्रोग्रामने युरोपातल्या अक्षरांत वाचल्या. बहिणीच्या प्रत्येक 'दादा'च्या जागी तिरकी टोपी घातलेल्या इंग्रजी 'ए'ची रांग! फोल्डरांची नावंही तशीच. 'घर' नावाच्या फोल्डरचं काय झालं माहितीये? आधी अँड-चं चिन्ह, मग सी आर जी जे एम ए, शेवटी एक डॅश. सर्व्हरवर, म्हणजे मेल साठवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, नावं अशी सांकेतिक लिहितात म्हणे. लिहा ना! मला दाखवताना उलगडून दाखवा, एवढंच म्हणणं आहे.

शेवटचा उपाय, सगळं आयमॅपने, म्हणजे मेल प्रोग्राम आणि सर्व्हर ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात तिने, सर्व्हरवर चढवायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरवायचं. ही पद्धत खरंच बरी आहे, तारखाही राहतात. पण ६३ टक्क्यांवर वीज गेली. पुन्हा सुरू केलं तर त्याने पहिल्यापासून चढवलं, आणि आता निम्म्या मेल दोन-दोन. प्रत्येक मेलला स्वतःचा ओळखक्रमांक असतो, मेसेज-आयडी म्हणतात त्याला. तो तपासला असता तर एकही दुहेरी आली नसती. भाजीवालीसुद्धा पिशवीत आधी काय टाकलंय ते बघते!

जुना कॉम्प्युटर अजून टेबलाखाली घरघरतोय. परवा फ्रिजची पावती हवी होती, तर शेवटी तोच चालू करावा लागला, गुडघ्यावर बसून.

आणि आत्ता, हे लिहिताना, नव्या प्रोग्रामने कोपऱ्यात चौकट उघडलीये: 'जुन्या मेल बऱ्याच झाल्यात. आपोआप बाजूला काढून आर्काइव्ह करू का?'

हात तर लावून बघ.